रांगते बाळ आणि कुंपणाचा अधिकार

रांगू लागलेल्या बाळासाठी जिन्याला फाटक लावणे किंवा खोलीचा एक कोपरा आखून देणे ही वरवर पाहता घरगुती व्यवस्था आहे. पण तिच्या मुळाशी नीतिविचारातला एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. ज्याची संमती घेता येत नाही आणि ज्याला कारण समजावता येत नाही, अशा जिवाची वाट अडवण्याचा अधिकार दुसऱ्याला कशाने मिळतो, आणि तो अधिकार कुठे संपतो? तान्ह्या बाळाबाबत हा प्रश्न उठत नाही, कारण ते ठेवले तिथेच राहते. जाणत्या माणसाबाबत त्याचे उत्तर बरेचसे ठरलेले आहे. रांगणारे बाळ या दोघांच्या मधल्या अवस्थेत असते. त्याला इच्छा असते, इच्छेमागे धावण्याइतकी गती असते, पण समोर काय वाढून ठेवले आहे याची जाण नसते.

ही अवस्था कधी सुरू होईल हे सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांची नोंद ठेवून २००६ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार निरोगी बाळे हातागुडघ्यांवर रांगायला ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही लागतात, आणि शंभरातली चारेक बाळे तशी रांगतच नाहीत. काही पोटावर सरकतात, काही बसल्या जागी घसरत पुढे जातात, काही थेट उभी राहतात. म्हणून घराची तयारी बाळाच्या वयाकडे पाहून करण्यात अर्थ नाही. ते पालथे पडून एखाद्या वस्तूकडे झेपावू लागले की ती पुरी झालेली असावी.

भारतीय वाङ्मयात या अवस्थेचे सर्वांत नेमके वर्णन भागवताच्या दहाव्या स्कंधात, आठव्या अध्यायात सापडते. बलराम आणि कृष्ण गोकुळातल्या चिखलात हातागुडघ्यांवर रांगत आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या मागे ते निघतात आणि मध्येच बावरून आपापल्या आईकडे परत फिरतात. पुढे धोक्यांची एक यादी येते: शिंगांची जनावरे, विस्तव, दाढांची जनावरे, धारदार शस्त्र, पाणी, पक्षी आणि काटे. खेळात दंगलेल्या या दोन चंचल मुलांना यशोदा आणि रोहिणी आवरू शकत नाहीत आणि त्यांची घरची कामेही होत नाहीत, त्यामुळे दोघींच्या मनाला स्वस्थता उरत नाही, असे तिथे म्हटले आहे. देवाच्या बाललीलांच्या वर्णनात इतका व्यावहारिक तपशील यावा ही विलक्षण गोष्ट आहे. गाईगुरांच्या वस्तीत रांगणाऱ्या मुलाला ज्या ज्या गोष्टींपासून इजा होऊ शकते, त्या बहुतेक सगळ्या या यादीत आहेत. आजच्या फ्लॅटसाठी ती नव्याने करायची झाली तर शिंगांच्या जागी मिक्सरची लोंबती वायर येईल, शस्त्राच्या जागी विळी आणि सुरी. विस्तव आणि पाणी जिथल्या तिथे राहतील.

या वर्णनातली दुसरी बाजू सहज नजरेआड होते. मुलाला आवरणे आणि घरचे काम करणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच श्लोकात शेजारी-शेजारी आहेत. बाळाच्या सुरक्षिततेबद्दल लिहिताना जणू बाळाचेच हित तेवढे विचारात घ्यायचे असते असा समज असतो. तो खरा नाही. फाटक आईच्या हातांसाठीही असते. भाकरी थापताना, धुणे वाळत घालताना, दुसऱ्या मुलाचा अभ्यास घेताना किंवा नुसते दहा मिनिटे पाठ टेकताना तिचे लक्ष बाळावर खिळून राहू शकत नाही, आणि राहावे अशी अपेक्षा धरणेही अन्याय्य आहे. कुंपणाचे समर्थन करताना हा हेतू लपवण्याचे कारण नाही. तो लपवला की ‘माझ्या सोयीसाठी’ आणि ‘त्याच्या भल्यासाठी’ यांची सरमिसळ होते, आणि मग सोयीची अडवणूकही भल्याच्या नावाने चालू राहते.

अडवण्याच्या अधिकाराचा सर्वांत तर्कशुद्ध विचार जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात केला. एखाद्याच्या स्वातंत्र्यात त्याच्याच भल्यासाठी हात घालता येत नाही, हा त्याचा मुख्य सिद्धांत. मुलांना मात्र त्याने या सिद्धांताच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळले. तरीही त्याच ग्रंथातले एक उदाहरण रांगत्या बाळाला चपखल लागू पडते. मोडकळीला आलेल्या पुलावर कोणी पाऊल टाकत असेल आणि त्याला सावध करण्यास वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढणे हा त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नव्हे. कारण स्वातंत्र्य म्हणजे इच्छेप्रमाणे वागणे, आणि नदीत पडण्याची त्याची इच्छा नाही. जिन्याकडे निघालेल्या बाळाचीही गडगडत खाली जाण्याची इच्छा नसते. त्याला पायरीच्या कडेवर चमकणारी पितळी पट्टी हवी असते. फरक एवढाच की मिलच्या पांथस्थाला पुढच्या खेपेस सांगून सावध करता येईल. बाळाला कित्येक महिने सांगता येणार नाही. म्हणून त्याच्या बाबतीत शब्दाची जागा काही काळ लाकडाने आणि लोखंडाने घ्यावी लागते.

बौद्ध परंपरेत हाच अधिकार करुणेवर उभा केला आहे. मज्झिमनिकायातल्या अभयराजकुमार-सुत्तात राजपुत्राच्या मांडीवर एक तान्हे मूल असते. दाईच्या किंवा तुझ्या दुर्लक्षामुळे या बाळाने काटकी वा खडा तोंडात घातला तर तू काय करशील, असे बुद्ध विचारतात. रक्त आले तरी चालेल, पण मी तो काढीन, कारण मला बाळाची दया आहे, असे राजपुत्र सांगतो. ऐकणाऱ्याला न रुचणारे पण हिताचे बोल तथागत केव्हा बोलतात, हे समजावण्यासाठी तिथे हा दृष्टांत आला आहे. पालकाच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा शब्द दुर्लक्षाचा आहे. दोष कोणाचा याबद्दल तिथे संदेह नाही. बाळाने खडा तोंडात घातला यात बाळाचा अपराध नाही. खडा त्याच्या हाताला लागेल असा राहिला, इथे चूक आहे. बाळाच्या घशात बोट घालण्याची वेळ येण्याआधी जमीन झाडून घेणे ही त्याच करुणेची पहिली पायरी ठरते.

बाळाला काहीच कळत नाही, असा समज धरून कुंपणे घातली तर ती गरजेपेक्षा जास्त होतात. निसर्गच त्याला सांभाळून घेतो असे मानले तर ती घातलीच जात नाहीत. या दोन्ही समजांना विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी धक्का दिला. कॉर्नेल विद्यापीठातल्या एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी १९६० साली एका मोठ्या काचेखाली अर्ध्या भागात चौकड्यांचे कापड अगदी लगत आणि उरलेल्या अर्ध्या भागात ते खोलवर पसरून एक भासमान कडा तयार केला. साडेसहा ते चौदा महिन्यांची ३६ बाळे मधल्या फळीवर ठेवण्यात आली आणि त्यांच्या आयांनी त्यांना दोन्ही बाजूंनी बोलावले. फळीवरून हललेली २७ च्या २७ बाळे उथळ बाजूला गेली; खोल बाजूवर मात्र फक्त तिघे उतरले. खोली बाळाला दिसते, एवढे यावरून नक्की झाले. पुढे जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ही धास्ती वयापेक्षा रांगण्याच्या अनुभवाने येते. एकाच वयाच्या दोन बाळांपैकी ज्याने काही आठवडे रांगून काढले आहेत, ते कड्यापाशी अधिक सावध असते.

कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांच्या उतारांवरच्या प्रयोगांनी तर पालकांची झोप उडावी. रांगण्यात मुरलेले बाळ आपल्याला न पेलणारा उतार ओळखून थांबते. तेच बाळ उभे राहून चालू लागले की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकते. रांगताना कमावलेले शहाणपण चालण्याच्या कामी येत नाही. ते पुन्हा पहिल्यापासून कमवावे लागते. अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये नोंदवल्याप्रमाणे एक ते दीड वर्षाच्या आसपासची मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. पडणे हा त्यांच्या शिक्षणाचा अपवाद नसून अभ्यासक्रम आहे.

इथे कुंपणाची खरी किंमत दिसते. सावधपणा हालचालीतून येत असेल, तर बाळाची हालचाल थांबवणारी प्रत्येक वस्तू त्याला आज वाचवते आणि उद्यासाठी थोडे दुबळे ठेवते. रूसोने १७६२ च्या ‘एमिल’मध्ये मुलाला डोक्यावर गादीची टोपी, चालण्याचा गाडा, आधाराच्या दोऱ्या यांपैकी काहीच देऊ नये, गवताच्या मैदानावर नेऊन खुशाल पडू द्यावे, असे म्हटले ते याच अर्थाने. मात्र त्याने गवत निवडले आहे, हे विसरता कामा नये. सतरंजीवर बसल्या जागी कलंडणे, उंबरठ्याला अडखळणे, पलंगाच्या पायावर कपाळ आपटणे यांतून बाळ काही शिकते. पंधरा पायऱ्यांवरून पडून ते काही शिकत नाही. पाण्याने भरलेल्या बादलीत तोल गेला तर शिकायला उरतच नाही, कारण चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही तान्हे मूल बुडू शकते. ज्या पडण्यातून उठता येते ते होऊ द्यावे, आणि ज्यातून उठता येत नाही ते अशक्य करावे, ही रेषा पुष्कळशा घरांत नीट आखलेली नसते. बाळ धुळीत बसले म्हणून उचलले जाते, आणि मोरीचे दार मात्र सताड उघडे असते.

यातून कुंपणाचे दोन प्रकार वेगळे करता येतात. एक कुंपण धोक्याभोवती असते, दुसरे बाळाभोवती. पहिल्यात घर बाळाचे राहते आणि त्यातली एखादी जागा त्याला बंद होते. दुसऱ्यात घर त्याला बंद होते आणि एखादी जागा त्याची राहते. बाहेरून दोन्ही सारखी दिसली, त्यांना एकच दुकानदार विकत असला, तरी नैतिकदृष्ट्या त्यांच्यात मोठे अंतर आहे. शक्य असेल तिथे पहिलेच निवडावे.

धर्मग्रंथांनी आणि वैद्यकग्रंथांनी भर दिला आहे तो पहिल्यावर. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात बाळाच्या घराचे, म्हणजे कुमारागाराचे वर्णन आहे. ते भक्कम असावे, त्यात अंधार नसावा, झोताचा वारा नसावा पण एका बाजूने हवा खेळावी, दाढांची जनावरे, उंदीर, किडे यांना तिथे वाव नसावा, आणि पाण्याची जागा, उखळाची जागा, न्हाणी, शौचाची जागा, स्वयंपाकघर ही नीट वेगवेगळी असावीत. बाळाला बांधून ठेवण्याचा उल्लेख त्यात नाही. बांधायचे ते घर. यहुदी धर्मशास्त्र आणखी पुढे जाते. बायबलच्या अनुवाद या ग्रंथात, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर कोणी पडल्यास त्या घरावर रक्ताचा दोष येईल, अशी आज्ञा आहे. बाराव्या शतकात मैमोनिदीस याने हा नियम धोक्याच्या प्रत्येक जागेला लावला. अंगणात विहीर किंवा खड्डा असेल तर भोवती दहा मुठी, म्हणजे पाऊण मीटरहून थोडा उंच काठ बांधावा किंवा झाकण घालावे, असे त्याने सांगितले. या परंपरेत कठडा नसणे हा नुसता निष्काळजीपणा मानलेला नाही. ते धर्मकर्तव्य चुकणे आहे, मग कोणी पडो वा न पडो. अपघात झाल्यावर हळहळणारी नीती आणि अपघाताच्या आधी गवंडी बोलावणारी नीती यांत दुसरी श्रेष्ठ आहे, हे मान्य करायला फार तत्त्वज्ञान लागत नाही.

जिन्याच्या फाटकाचे नियमही याच दृष्टीने वाचावेत. बाजारात दोन तऱ्हांची फाटके मिळतात. एक भिंतीत स्क्रू मारून पक्के बसवायचे आणि दुसरे दोन्ही बाजूंच्या रबरी टोकांच्या दाबावर उभे राहणारे. जिन्याच्या वरच्या टोकाला पहिलेच हवे. दाबावरचे फाटक बाळाने वारंवार ढकलल्यावर सरकू शकते, शिवाय त्याच्या खालची आडवी पट्टी मोठ्या माणसाच्या पायात येते, आणि कडेवर बाळ घेतलेला माणूस अडखळला तर दोघेही खाली जातात. वरचे फाटक पायऱ्यांच्या दिशेने उघडता कामा नये. दाबावरचे फाटक जिन्याच्या पायथ्याशी किंवा दोन खोल्यांच्या मधल्या दारात चालते. खिडकीला अशी फाटके लावणे चुकीचे. तिथे गजच हवेत.

गज उभे असावेत. आडवे गज म्हणजे बाळाला शिडी. दोन गजांतले अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. अमेरिकेत बाळाच्या पलंगासाठी हीच मर्यादा आहे. तिचे कारण असे की त्याहून रुंद फटीतून बाळाचे पाय आणि धड निसटते आणि डोके अडकते. जुन्या घडीच्या लाकडी जाळीदार फाटकांत वरच्या कडेला खाचा आणि मध्ये मोठ्या शंकरपाळी फटी असत. त्यांत मान अडकून मुले दगावली, म्हणून ती वापरू नयेत. फाटकाची उंची बाळाच्या उंचीच्या पाऊणपट तरी हवी. कडी अशी असावी की मोठ्या माणसाला ती एका हाताने उघडता यावी, कारण दुसऱ्या हातात बहुतेक वेळा बाळ असते. उघडायला किचकट असलेले फाटक चार दिवसांत कायमचे उघडे राहते. महागडे फाटक घेऊन ते उघडे ठेवणाऱ्या घरापेक्षा मोरीला साधी वरची कडी लावून ती प्रत्येक वेळी बंद करणारे घर बाळाला अधिक सुरक्षित असते.

महाराष्ट्रातल्या घरांत पुष्कळदा जिना नसतोच. तिथे धोक्याच्या जागा वेगळ्या आहेत: पाण्याची पिंपे आणि बादल्या, बादलीत सोडलेली विजेची कॉइल, गॅसची शेगडी, खाली ठेवलेले देवघर आणि त्यातली समई, आडव्या सळ्यांचा गॅलरीचा कठडा. चाळीतल्या खोलीच्या दाराला आडवी फळी लावण्याचा प्रघात फाटकाच्या पुष्कळ आधीचा. फळीत दोष आहेत. तिच्यावर पाय देऊन चढता येते आणि रात्री तिला माणसे अडखळतात. पण तिच्यामागचा विचार बरोबर होता. गॅलरी बंद होत असे आणि खोली बाळाला मोकळी राहत असे.

अडचण येते ती एका खोलीच्या घरात. जिथे शेगडी, मोरी, अंथरूण आणि शिवणयंत्र दहा बाय दहाच्या जागेत आहेत, तिथे धोक्याभोवती कुंपण घालायचे म्हटले तर साऱ्या खोलीलाच घालावे लागेल. मग उरते बाळाभोवतीचे कुंपण, म्हणजे प्लेपेन. बाळाला कोंडावे लागते ते बहुधा पालकाच्या वृत्तीमुळे नाही, जागेच्या टंचाईमुळे. प्लेपेनवर सरसकट टीका करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

प्लेपेन कसे वापरावे याचा सर्वांत विचारपूर्वक नमुना बुडापेस्टमध्ये घडला. एमी पिक्लर या बालरोगतज्ज्ञ स्त्रीने १९४६ मध्ये तिथल्या लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी निवासी बालगृह सुरू केले. जी स्थिती बाळ स्वतः घेऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला ठेवायचे नाही, हा तिचा मुख्य नियम. जे बाळ आपण होऊन बसत नाही त्याला उशा लावून बसवायचे नाही, जे उभे राहत नाही त्याला हात धरून चालवायचे नाही. तरीही तिच्याकडे लाकडी कठड्यांच्या खेळजागा होत्या. त्या प्रशस्त होत्या, जमीन टणक होती, आत साध्या मोजक्या वस्तू असत. एरवी कोंडून ठेवणारे कुंपण इथे उलटे काम करी. आत काहीच धोक्याचे नसल्यामुळे मोठ्या माणसाला सारखे ‘नको’, ‘सोड’, ‘खाली ये’ असे म्हणावे लागत नसे, आणि बाळाला आपल्या मनाने तासन् तास हालचाल करता येई. बाळाभोवतीचे कुंपण कधी समर्थनीय ठरते, याची कसोटी इथे मिळते: आत गेल्यावर बाळाला अधिक काही करता येते की कमी?

या कसोटीवर बाजारातली पुष्कळ प्लेपेन नापास होतात. ज्यात बाळाला चार वेळा रांगून वळताही येत नाही ती खेळण्याची जागा नव्हे. जाळीची वीण बारीक, सहा मिलिमीटरहून लहान असावी, म्हणजे बोटे किंवा कपड्याची बटणे अडकत नाहीत. भिंत निदान अर्धा मीटर उंच असावी. आत मोठी उशी किंवा खोके ठेवू नये, कारण त्यावर चढून बाहेर पडता येते. आडवी दोरी बांधून खेळणी टांगू नयेत, आणि पडद्याची दोरी किंवा चार्जरची वायर हात पोचेल अशी नसावी. आत काय ठेवावे याचे उत्तर चरकाने देऊन ठेवले आहे. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी आणि मनोहर असावीत; ती जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील एवढी लहान नसावीत, जिवावर बेतणारी नसावीत आणि घाबरवणारीही नसावीत. आजचे खेळण्यांचे सुरक्षानियम याहून फार निराळे काही सांगत नाहीत.

वेळेचेही माप हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतल्या बाळाला बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीला बांधून एका वेळी तासाभरापेक्षा जास्त जखडून ठेवू नये. प्लेपेनमध्ये बाळ जखडलेले नसते, पण तासाचे हे माप तिथेही पाळण्यासारखे आहे.

बाळाला आधार देण्याच्या नावाखाली त्याची गती काढून घेणारी एक वस्तू मात्र कोणत्याच कसोटीवर टिकत नाही. ती म्हणजे मध्ये बैठक असलेला चाकांचा वॉकर. आपल्याकडचा जुना लाकडी पांगुळगाडा यापेक्षा वेगळा. त्यात मूल स्वतः उभे राहते आणि गाडा ढकलते. बैठकीच्या वॉकरमध्ये ज्याला उभे राहता येत नाही त्याला धावता येऊ लागते, आणि ते थेट जिन्यावर किंवा शेगडीवर जाऊन आदळते. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. इमॅन्युएल कांटने अध्यापनशास्त्रावरच्या व्याख्यानांत चालण्याच्या गाड्याला विरोध केला होता. बाळाला जमिनीवर रांगू द्यावे, ते आपोआप चालू लागेल, असे त्याचे मत होते. त्याच गाड्याचे चित्र त्याने १७८४ च्या ‘ज्ञानोदय म्हणजे काय’ या निबंधात वापरले. प्रजेचे स्वयंघोषित पालक माणसांना गाड्यात कोंडतात, गाड्याबाहेर पाऊल टाकण्यात केवढा धोका आहे ते दाखवतात, आणि माणसे आयुष्यभर अज्ञानच राहतात. दोन-चारदा पडून ती चालायला शिकली असती, असे त्याने पुढे म्हटले आहे. बाळाच्या संगोपनाचा प्रश्न आणि राज्यसत्तेचा प्रश्न त्याच्या दृष्टीने एकाच जातीचे होते.

लाकडी कुंपणापेक्षा स्वस्त आणि म्हणून अधिक वापरले जाणारे कुंपण भीतीचे असते. तिकडे बागुलबुवा आहे, पोलीस घेऊन जाईल, असे सांगून मूल अडवले जाते. चरकाने याचा स्पष्ट निषेध केला आहे. मूल रडत असेल, खात नसेल किंवा ऐकत नसेल तरी राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे तो सांगतो. खऱ्या धोक्याची खूण देणे यापेक्षा वेगळे. जेम्स सोर्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये काचेच्या कड्याचा प्रयोग वेगळ्या रीतीने केला. कडा तीस सेंटिमीटरचाच, घाबरावे की नाही अशा संभ्रमात टाकणारा. आईचा चेहरा हसरा असताना १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती असताना १७ पैकी एकही गेले नाही. एक वर्षाचे बाळ आईचा चेहरा असा वाचते. हा विश्वास खऱ्या कड्यासाठी राखून ठेवायचा असतो. बागुलबुव्यावर तो खर्च केला की बाळ फसवले जाते. फाटक बाळाला अडवते, पण जगाबद्दल काही खोटे सांगत नाही.

भागवताच्या नवव्या अध्यायात यशोदा कृष्णाला उखळाला बांधते. ते रक्षणासाठी नाही. दह्याचा डेरा फोडून लोणी माकडांना वाटल्याची ती शिक्षा आहे. मूल भ्यालेले पाहून ती हातातली काठी टाकून देते, आणि मग दावे घेते. दावे प्रत्येक वेळी दोन बोटे कमी पडते. शेवटी आईचे श्रम पाहून तो स्वतःच बांधला जातो. गौडीय वैष्णव टीकाकारांनी त्या दोन बोटांचा अर्थ भक्ताचा प्रयत्न आणि देवाची कृपा असा लावला. भक्तीच्या दृष्टीने तो अर्थ सुंदर आहे, आणि परमेश्वर प्रेमाखेरीज कशाने बांधला जात नाही हे सांगण्यासाठीच ही कथा आहे. पालकत्वाच्या दृष्टीने तिच्यातला पुढचा भाग अधिक बोलका वाटतो. बांधून झाल्यावर यशोदा घरकामात गुंतते, उखळ ओढत मूल दोन अर्जुन वृक्षांच्या मध्ये शिरते आणि वृक्ष कोसळतात. बांधलेले मूल सुरक्षित असते, हा भरवसा कथेतच मोडून पडतो.

बांधकामावर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात रांगते मूल कापडाने खांबाला किंवा बाजेला बांधून काम करणाऱ्या आया आजही दिसतात. त्यांना क्रूर म्हणणे ही त्या प्रसंगातली सर्वांत मोठी क्रूरता होईल. त्यांच्यापुढे खोदलेला पाया, उकळते डांबर आणि कोयते आहेत, आणि मुकादमाला हजेरी द्यायची आहे. दोन वाईटांतले त्यातल्या त्यात सुसह्य ते त्यांनी निवडले आहे. दोष आहे तो ज्यांनी त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले त्यांचा. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया जिथे काम करत तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली बंधनकारक केली होती. पण छोट्या ठेकेदारांच्या कामावर तेवढ्या स्त्रिया नसत, आणि असल्या तरी खोलीत सिमेंटची पोती दिसत. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी मजुरांच्या मुलांसाठी सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेस या कामाने कायद्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते की तंबूतही चांगले पाळणाघर चालवता येते. केंद्र शासनाची ‘पाळणा’ योजना सहा महिन्यांपासूनच्या मुलांना अंगणवाडीशी जोडलेल्या पाळणाघरात घेण्याची आहे; रांगत्या वयासाठी नेमकी हीच सोय हवी होती.

बांगलादेशाच्या ग्रामीण भागात घरोघरी तळी असतात आणि सकाळच्या कामाच्या वेळेत लहान मुले त्यांत बुडतात. तिथे गेल्या दशकात हजारो घरांना प्लेपेन देऊन आणि गावोगावी ‘आंचल’ नावाची पाळणाघरे चालवून दोन्ही उपाय मोठ्या प्रमाणावर अजमावले गेले. शासनाने पुढे आठ हजार पाळणाघरांचा कार्यक्रम हाती घेतला. आई कामात असताना मुलावर दुसऱ्या माणसाची नजर असणे, याला तिथे महत्त्व मिळाले. लाकडी चौकट ते काम काही वेळापुरतेच करू शकते.

भागवतातही वृक्ष पडल्यावर गोकुळातली वडील मंडळी एकत्र बसतात. ही जागा मुलांसाठी धोक्याची झाली आहे असे उपनंद हा वृद्ध गोप सांगतो, आणि सारी वस्ती गाड्या जुंपून वृंदावनाला हलते. मुलाला अधिक घट्ट बांधावे, असे कोणी सुचवत नाही. एका रांगत्या मुलाच्या सुरक्षिततेचा भार एकट्या आईच्या दाव्यावर न टाकता सगळ्या गावाने तो आपला मानला, हा त्या प्रसंगातला धर्मविचार आहे, आणि त्याकडे कथेकरी फारसे लक्ष देत नाहीत.

कुंपण काढण्याची वेळही ठरलेली असावी लागते. अंगुत्तरनिकायाच्या पाचव्या निपातात खडा तोंडात घालणाऱ्या बाळाचाच दृष्टांत पुन्हा येतो, पण तो पुढे चालू राहतो: मूल मोठे होऊन त्याला पुरेशी समज आली की दाई त्याच्याबद्दल निर्धास्त होते, आता ते स्वतःला सांभाळेल असे मानते. पालकत्वाचा अधिकार अशा रीतीने आपल्या अंताची अट पोटात घेऊनच जन्माला येतो. फाटकाच्या बाबतीत तो अंत मोजता येतो. बहुतेक फाटके दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी बनवलेली असतात. मूल त्यावर चढू लागले किंवा कडी उघडू लागले की त्याच दिवशी ते काढावे, कारण त्यानंतर फाटकावरून होणारे पडणे जिन्यावरून होणाऱ्या पडण्यापेक्षा उंचावरून होते. त्याआधीचे काही आठवडे मुलाला जिना उतरायला शिकवण्यात घालवावेत: तोंड वरच्या पायरीकडे, पाय आधी खाली, पोट पायरीला टेकलेले, आणि मोठे माणूस दोन पायऱ्या खाली. विहिरीचा काठ, गच्चीचा कठडा आणि खिडकीचे गज मात्र काढायचे नसतात. ते बाळासाठी नव्हतेच. बेसावध होऊ शकणाऱ्या प्रत्येकासाठी आहेत.